चार बोटांची चीर

माणूस आजारी आहे हे डॉक्टरला मागाहून कळतं, भाकरी थापणारीला आधी कळतं. गहिनीनाथ तीन भाकरींवरून दोनवर आला, दोनवरून दीडवर आला, आणि एके दिवशी अर्धी भाकरी तशीच ठेवून ताटावरून उठला, तेव्हा भागिरथीबाई चुलीपुढूनच म्हणाली, "काय वो, भाकरी कडू झाली का करनारी?"

"पोट भरलं गं."

"चाळीस वर्षांत कधी भरलं न्हाई, ते आजच भरलं व्हय?"

तो हसला आणि ओसरीवर जाऊन टेकला. तिनं ती अर्धी भाकरी हातात घेतली. ऊन होती, पापुद्रा सुटलेला होता, भाकरीत काही खोट नव्हती. मग खोट कुठं आहे ते तिला त्याच घडीला उमगलं. फक्त तोंडानं म्हणाली नाही.

गहिनीनाथाचं खाणं कर्जत तालुक्यात दहा गावांना माहीत होतं. सोयऱ्यांच्या लग्नात तो पंगतीला बसला की वाढपी एकमेकांना खुणा करायचे. बुंदीची परात दोनदा फिरली तरी ह्याच्या पत्रावळीवर जागा असायचीच. घरी तर रोजचाच खेळ होता. भागिरथी तोंडानं म्हणायची, "आता बास करा, बैल बरा तुमच्यापरीस," आणि हातानं आमटीची पळी वाटीत ओतायची. तोंड आणि हात ह्यांचं तिचं कधी पटलंच नाही. नवी नवरी होती तेव्हापासून हेच. सासू म्हणायची, ही पोर शिव्या देऊन जेवू घालते. आणि गहिनीनाथ म्हणायचा, मला शिव्याच लागतात गं, बिनशिव्याची आमटी अळणी लागते.

गेले ते दिवस. आता गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीची.

कर्जतच्या डॉक्टरनं त्याआधी दोन महिने पित्ताच्या पुड्या दिल्या होत्या. अंग उतरत गेलं, धोतर सैल होत गेलं. शेवटी धाकटा प्रवीण, जो नगरला वीजमंडळात होता, तो येऊन दोघांना सावेडीला आपल्या घरी घेऊन गेला. थोरला सहादेव शेती वाऱ्यावर सोडून मागोमाग आला. नगरच्या दवाखान्यात गहिनीनाथाला नळी गिळायला लावली, आतला तुकडा काढला, तो तपासायला पाठवला. आठ दिवसांनी कागद आला.

प्रवीणनं कागद वाचला आणि आईला नि सहादेवला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. "आये, कॅन्सर हाय. जठराच्या खालच्या तोंडाला. पर लवकर सापडलाय, ऑपरेशन हुतंय म्हणत्यात."

धाकटी सून दीपा हातानंच म्हणाली, हळू, हळू. घरात तो शब्द कुणी मोठ्यानं घ्यायचा नव्हता.

"नाव घेतल्यानं मानूस मरत आस्ता," भागिरथी म्हणाली, "तर निम्मी भावकी मी कवाच पोचवली आस्ती."

पण बोलली तेही हळूच. आणि म्हाताऱ्याला 'अल्सर' सांगायचं, हे त्याच दाराआड चौघांनी ठरवलं. आपल्याकडं रीतच आहे ही. ज्याचं पोट त्याला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक असतं.

आता पुढचा निर्णय कुणी घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. ह्या घरात बैल कोणता घ्यायचा, पोरगी कुठं द्यायची, विहीर कुठं खोदायची, सगळं भागिरथीबाईच्या तोंडून निघायचं. दुसरी इयत्ता शिकलेली बाई, पण तिच्या शब्दावर दोन्ही पोरं मान डोलवायची. पोटाचंही तीच सांगणार.

पहिल्या डॉक्टरला तिनं लगेच नाव ठेवलं, टाक्याचा डॉक्टर. साठीचा, जाडजूड, बोटं केळ्यासारखी. ते हात तिला आवडले. त्यानं कागदावर माणूस काढला आणि छातीच्या हाडापासून बेंबीच्या खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"पंचवीस वर्षं असंच करतोय," तो म्हणाला. "पोट उघडलं की डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. जठराचा खालचा भाग काढायचा, भोवतीच्या गाठी बोटांनी चाचपून काढायच्या, उरलेलं जठर आतड्याला जोडायचं. पंधरा दिवस दवाखान्यात. फक्त एक सांगतो. ह्यांची छाती कच्ची आहे. किती वर्षं विडी ओढली?"

"जन्मल्यापासनं," भागिरथी म्हणाली.

"मग एवढ्या चिरेनंतर खोकताना फार दुखेल. दुखलं की माणूस खोकत नाही. कफ छातीत साठतो, आणि ह्या वयात तोच घात करतो. काळजी घेऊ आपण. पण सांगितलेलं बरं."

दुसरा डॉक्टर दुर्बिणीचा. पस्तिशीचा, सडपातळ, मुंबईत शिकून आलेला. त्यानं रेघ ओढली नाही. त्यानं कागदावर पाच ठिपके काढले.

"आजी, पोटाला करंगळीएवढी पाच भोकं. एकातून दुर्बीण आत जाते, तिला कॅमेरा असतो. आम्ही टीव्हीवर बघत बाकीच्या भोकांतून लांब हत्यारं घालून काम करतो. दुखणं कमी, दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो, खोकू शकतो."

दुर्बीण म्हटल्यावर भागिरथीनं मान हलवली. दुर्बीण तिला नवी नव्हती. कर्जतला कुटुंबनियोजनाचं शिबिर भरायचं तेव्हा गावातल्या बायका तीच नेऊन पोचवायची. बायकांत दोन पक्ष असायचे. एक टाक्याच्या ऑपरेशनवाल्या, एक दुर्बिणीवाल्या. संध्याकाळी ओट्यावर पदर बाजूला सारून एकमेकींना वण दाखवायच्या. टाक्यावाल्या आठ दिवस हंडा उचलत नसत. सहादेवची बायको माधुरी दुर्बिणीवाली, तिसऱ्या दिवशी विहिरीवर उभी होती. भागिरथीनं तेव्हाच निकाल दिला होता की दुर्बीण बरी.

"तुमी किती केलीत आसली?" तिनं विचारलं.

"पित्ताशयाची चारशेच्या वर. कॅन्सरच्या जठराची सहा."

"सहाच?"

"सहाच. खोटं कशाला सांगू? पद्धतच नवी आहे. आजचं दुखणं कमी हे आम्हाला दिसतंय. पण पाच वर्षांनी कोणत्या पद्धतीचा माणूस जास्त टिकतो, हे आज छातीठोकपणे कुणी सांगणार नाही."

खरं बोलणारा माणूस. तिला तोही आवडला. ती मनात म्हणाली, ठरलं. आणि तेवढ्यात डॉक्टर पुढं म्हणाला, "आधी पोटात गॅस भरून पोट फुगवतो. म्हणजे आत काम करायला जागा होते."

"कसला ग्यास? शेगडीचा?"

डॉक्टर हसला. "नाही हो. आपण श्वास सोडतो ना, त्यातलाच. कार्बन डायऑक्साइड."

प्रवीणला वाटलं आईला समजलं नाही. तो म्हणाला, "आये, आमाला शाळंत दाखवायचे बघ. बरणीत मेनबत्ती घातली की ज्यात इझती ना, त्यो."

भागिरथीबाई उठली. पदर खांद्यावरून पुढं घेतला.

"चल," ती म्हणाली.

"आये, अजून डॉक्टर..."

"चल म्हनलं ना."

तिथून जी गप्प झाली ती तीन दिवस. सावेडीच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात कुणाला कळेना काय झालं. दीपा म्हणाली, थकल्या असतील. सहादेव म्हणाला, मला ठाव हुतं, आये टाक्याच्या डॉक्टरकडं जानार. "दुर्बिणीतनं बाया-मान्सांचं ठीक हाय, बापाच्या कॅन्सरला टीव्हीत बघून हात घालत्यात व्हय?" प्रवीण म्हणाला, "तुला बांधावरनं काय कळतंय? आपल्या दादांची छाती बघ की. एवढं फाडल्यावर खोकतील का ते?" दोघं भांडायचे, आणि भांडून झालं की दोघंही आईकडं बघायचे. आई गवारीच्या शेंगा मोडत बसलेली.

तिला दिसत होतं दुसरंच.

त्यांच्या वाडीत पूर्वी प्रत्येक घरची ज्वारी पेवात असायची. अंगणात जमिनीच्या पोटात खोदलेलं पेव. वरून तोंड एवढं अरुंद की एक माणूस हात वर करून कसाबसा उतरावा, आणि आत पोट रांजणासारखं. कडेनं कडब्याचा थर, मध्ये पन्नास-साठ पोती ज्वारी, वर दगडी चिरा, त्यावर माती. दोन-तीन वर्षं दाणा तसाच राहायचा. पेवातल्या ज्वारीला एक वास असतो. शहरातली माणसं नाक मुरडतील, पण गहिनीनाथ त्या वासाच्या भाकरीला पाहुण्यासारखा मान द्यायचा. पेव उघडलं की त्याचा हक्काचा सोहळा. दोर कमरेला बांधून तोच उतरायचा, भरलेल्या पाट्या वर पाठवायचा, आणि भिंतीलगत दाणा काळा पडला असेल तर तोही त्यानंच काढायचा. हातानं चाचपून. काळा दाणा जिथं संपला तिथं न थांबता पुढची वीतभर चांगली ज्वारीही काढायची. ती गुरांना. कारण वास आधी पुढं जातो, रंग मागून. हे त्याला भागिरथीच्या सासूनं शिकवलं होतं आणि भागिरथी वर बसून ओरडायची, "वीतभर म्हनलं, चार बोटं न्हाई!"

आता कुठली पेवं. पोरांनी पत्र्याच्या कोठ्या आणल्या, पेवांत माती लोटली. त्यावर माधुरीनं गोठ्याची मोरी काढली. जमिनीच्या पोटातून येणारा तो ऊबदार आंबूस वास, पाट्या वर येताना गहिनीनाथाची खालून घुमणारी हाक, चाळणी घेऊन बसलेल्या बाया, सगळं बुजलं. पण बहात्तर सालचा एक दिवस काही बुजला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात वाडीत फक्त ह्यांच्याच पेवात दाणा होता. भागिरथीनं जाहीर केलं, उद्या पेव उघडणार, ज्याला हवी त्यानं पाटी आणावी. मोठेपणाचं काम होतं, आणि मोठेपणा तिला आवडायचा. सकाळी बारा बाया पाट्या घेऊन दारात. पेव उघडलं की दिवसभर तसंच सोडायचं, आतली खराब हवा जाऊ द्यायची, ही रीत. पण बारा बाया बसलेल्या. त्यांना उद्या या म्हणायचं? तिनं दोराला कंदील बांधून आत सोडला. तो पुरुषभर खाली गेला आणि विझला.

सगळ्यांनी बघितलं. भागिरथी म्हणाली, "वाऱ्यानं इझला. उतरा वो तुमी."

गहिनीनाथानं तिच्याकडं एकदा बघितलं, दोर कमरेला बांधला आणि उतरला. दोन पाट्या वर आल्या. तिसरी आलीच नाही. हाक मारली तर उत्तर नाही. चार माणसांनी दोर ओढला तेव्हा जे वर आलं त्याचे ओठ जांभळे होते आणि मान सुतळीसारखी लोंबत होती. उताणं निजवलं, पदरानं वारा घातला. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यानं छाती भरून एक श्वास ओढला, आणि तो आवाज भागिरथीच्या कानात सव्वीस वर्षं राहिला.

त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. एकदाही नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आणि आता पुन्हा तोच गॅस. ज्यात दिवा विझतो तो. पुन्हा हिच्याच तोंडाकडं सगळे बघत आहेत. उतरा वो तुमी, म्हणायचं?

चौथ्या दिवशी ती कुणाला न सांगता दीपाला घेऊन रिक्षानं दुर्बिणीच्या डॉक्टरकडं गेली. पुढं माणसं बसलेली होती. नंबर येईपर्यंत दीड तास बसली. आत गेल्यावर खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली, "डाक्तर, पेव ठाव हाय का तुमाला?"

"आहे की. मी शेवगावचा. माझ्या आजोळी होतं."

"मग मला सांगा. पेवातल्या ज्या हवंत कंदील इझतो, ती हवा तुमी माझ्या मान्साच्या पोटात भरनार. बरूबर?"

डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. दीपा अवघडली. पण डॉक्टर हसला नाही. त्यानं विचारलं, "पेवात कुणी गेलं होतं का तुमचं?"

"तेच गेल्ते. मीच धाडल्यालं."

डॉक्टरनं खुर्ची तिच्याकडं ओढली. "ऐका आजी. पेवात माणूस ती हवा नाकानं घेतो, म्हणून गुदमरतो. आम्ही नाकातोंडाची वाट वेगळी ठेवतो. झोपवल्यावर घशातून एक नळी श्वासनळीत घालतो. छातीत जाणारी हवा त्या नळीनं, मशीननं, चांगली. आणि पोटात भरलेला गॅस पोटातच. मध्ये पडदा असतो. थोडा गॅस रक्तात शिरतो, तो मशीन श्वासाबरोबर बाहेर काढतं."

"आन ते बरूबर चाललंय ते कशावरनं कळतं? कंदील कुठं हाय तुमचा?"

"असतो ना." त्यानं खणातून एक चिमटा काढून तिच्या बोटाला लावला. आत लाल उजेड पडला आणि शेजारच्या पेटीवर आकडा आला. "हा बोटाला लावून ठेवतो. रक्तात हवा कमी झाली की आकडा खाली येतो, पेटी ओरडते. आणखी एक यंत्र श्वासातला गॅस मोजतं. एक डॉक्टर पूर्ण वेळ फक्त तेच बघत बसतो."

भागिरथी त्या लाल बोटाकडं बघत राहिली. "आन वराडली तर?"

"तर गॅस सोडून देतो. थांबतो. तरी जमलं नाही तर दुर्बीण बाजूला ठेवून मोठी चीर देऊन पोट उघडतो. तिथं मी हट्ट करत नाही."

हट्ट करत नाही. तिला तो शब्द कुठं लागला ते त्या पोराला काय कळणार. तिनं बोटाचा चिमटा काढून टेबलावर ठेवला.

"अजून एक. तुमी भोकातनं काम करनार. हात कुठनं जानार?"

"म्हणजे?"

"म्हंजे खराब किती हाय ते बघून कळत न्हाई, चाचपून कळतं. काळ्याच्या म्होरं वीतभर चांगलं काढावं लागतं. तुमची हत्यारं लांब, त्यांना काय लागतंय?"

डॉक्टरनं दीपाकडं बघितलं आणि मग पुन्हा ठिपक्यांचा कागद काढला. "हाच आमच्यातला वाद आहे आजी. दुर्बिणीतही दोन तऱ्हा. एक, सगळंच आतल्या आत. कापणं, जोडणं, सगळं भोकांतून. दिसायला भारी, पण वेळ फार लागतो आणि हाताला काही लागत नाही, हे तुम्ही म्हणता ते खरं. दुसरी तऱ्हा, दुर्बिणीनं आतून जठर सगळीकडून मोकळं करायचं, गाठी सोडवायच्या, आणि मग इथं," त्यानं ठिपक्यांच्या मध्ये एक लहान रेघ काढली, "चार बोटांची चीर द्यायची. तिच्यातून जठर बाहेर ओढून हातात घ्यायचं, चाचपायचं, कापायचं, हातानं जोडायचं. ह्यांच्या छातीकडं बघता आणि माझ्या सहा ऑपरेशनांकडं बघता, मीही हेच सुचवलं असतं. तुम्ही त्या दिवशी उठून गेलात."

"उठून गेले कारन मला राग आल्ता."

"कशाचा?"

"तुमचा न्हाई," ती म्हणाली.

घरी आली तेव्हा गहिनीनाथ गच्चीवर उन्हात बसला होता. पोतं अंथरलेलं, टोपी गुडघ्यावर. खाली सावेडीची नवी नवी घरं, स्कूटरांचा आवाज. भागिरथी जिना चढून धापा टाकत आली आणि शेजारी बसली.

"कुठं गेल्तीस?"

"डाक्तरकडं. तुमच्या त्या अल्सरचं इचारायला."

"कॅन्सरचं म्हन की."

तिनं मान वळवली. तो समोर बघत होता.

"कोन म्हनलं तुमाला?"

"कोन कशाला म्हनतंय? आठ दिस झालं तू मला एक शिवी दिली न्हाईस. सहादेव माझं पाय दाबतोय. प्रवीण मोसंबी सोलून देतोय. अल्सरला आसलं कुनी करत न्हाई. भागे, मी पेशंट हाय, येडा न्हाई."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला राग आला. "मग बोलला का न्हाईत मेल्यावानी बसून?"

"आता बरं वाटलं," तो म्हणाला. "सांग. काय म्हनला त्यो?"

तिनं सगळं सांगितलं. टाक्याच्या डॉक्टरची लांब रेघ, दुर्बिणीचे पाच ठिपके, आतल्या आतली तऱ्हा, चार बोटांची तऱ्हा. जे डॉक्टरनं सांगितलं ते त्याच क्रमानं, काही न वाढवता, काही न लपवता. सहाच केलीत हेही सांगितलं. पाच वर्षांनी काय ते कुणाला ठाऊक नाही हेही सांगितलं. आणि शेवटी गॅसचं सांगितलं.

"कंदील इझतो, त्योच ग्यास हाय वो. मला तोंडातनं शब्द निघंना. त्या टायमाला मी वाऱ्यानं इझला म्हनले..."

"वारं कुठं हुतं त्या दिशी?" गहिनीनाथ म्हणाला. "झाडाचं पान हलत नव्हतं. मला बी दिसलं की."

"मग उतरलात कशाला?"

त्यानं गुडघ्यावरची टोपी फिरवली. "बारा बाया बसलेल्या म्होरं. मी थांबा म्हनलो आस्तो तर तू ऐकली आस्तीस. शिव्या दिल्या आस्त्यास, पर ऐकली आस्तीस. पर बापय मानूस, भ्यालो कसं म्हनायचं? तुझ्या जिभंनं न्हाई गं उतरलो. माझ्याच लाजंनं उतरलो. तू सव्वीस वर्षं आपल्या डोक्यावर घिऊन बसलीस का काय ते?"

खालून भंगारवाला ओरडत गेला.

"तवा भ्यालो हुतो आन बोललो न्हाई," तो म्हणाला. "आता सांगतो. भ्यालोय. लई भ्यालोय. त्या नळीला भ्यालोय, त्या ग्यासला भ्यालोय, न्हाई उठलो तर काय ह्याला भ्यालोय."

तिनं त्याचा हात धरला. चाळीस वर्षांत उघड्यावर कधी धरला नव्हता. वर कुणी नव्हतंच बघायला, पण सावेडीत गच्चीला गच्ची लागून असते, बघोत.

"मग काय करायचं ते तुमी सांगा," ती म्हणाली. "मी न्हाई सांगनार ह्या खेपंला."

"मला दे की दोन घटका."

दोन घटकांवर त्याचं भागलं नाही. उन्हाची तिरीप भिंतीवरून खाली उतरेपर्यंत बसला. मधेच खोकला, आणि खोकला थांबल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाला, "ती लांब रेघ मला झेपायची न्हाई. ही छाती माझी हाय, मला ठाव हाय. आन हात न घालता केल्यालं मला पटायचं न्हाई. ती चार बोटांची. सांग पोरांना. न्हाई, थांब. मीच सांगतो."

आणि संध्याकाळी जेवायच्या आधी त्यानंच सांगितलं. सहादेवनं आईकडं बघितलं. आई म्हणाली, "माझ्याकडं काय बघतूस? बाप तिकडं हाय."

ऑपरेशनला पाच तास लागले. चौघं बाकावर. सहादेव सारखा उठून दाराच्या काचेतून बघायचा, आत काही दिसायचं नाही. दीपानं डबा आणला होता, तो कुणी उघडला नाही. भागिरथी हलली नाही. कान मात्र त्या दाराला लावलेले, पेटी ओरडते का म्हणून.

डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात स्टीलचं ताट होतं, वर हिरवा कपडा. नातेवाइकांना काढलेलं दाखवायची दवाखान्यांची रीत असते. प्रवीण मागं सरला. भागिरथी पुढं झाली.

"गॅसचा काही त्रास झाला नाही," डॉक्टर आधी तेच म्हणाला. "पण आजी, चार बोटांची सहा बोटं करावी लागली. एक गाठ मागच्या रक्तवाहिनीला चिकटून होती, दुर्बिणीतून सुटेना. चीर वाढवली आणि हातानं सोडवली."

"हट्ट न्हाई केला."

"नाही केला."

"बरं केलंत. दाखवा."

त्यानं कपडा बाजूला केला आणि चिमट्यानं दाखवलं, ही कॅन्सरची गाठ, सुपारीएवढी. तिनं बोट पुढं केलं, टेकवलं नाही. "आन ह्याच्या म्होरं चांगलं किती घेतलं?"

"इथपर्यंत. चार बोटांच्या वर."

ती त्या मांसाच्या तुकड्याकडं बघत उभी राहिली. ह्याच्यात तिनं चाळीस वर्षं आमटी ओतली होती. पुरणपोळ्या, लग्नांतली बुंदी, हुरडा, यात्रेतलं मटण, भांडणानंतरची गार भाकरी, सगळं ह्याच्यात गेलं होतं. एवढंसं दिसत होतं. तिला वाटलं होतं केवढं मोठं असेल.

"झाका आता," ती म्हणाली.

गहिनीनाथ दुसऱ्या दिवशी खोकला. चिरेवर उशी दाबून धरली आणि खोकला. पोटापेक्षा खांदा दुखतो म्हणून कण्हायला लागला, तेव्हा सहादेव घाबरून नर्सला बोलवायला धावला. भागिरथी म्हणाली, "गप. ग्यासनं दुखतो. माधुरीचा बी दोन दिस दुखला हुता शिबिरातनं आल्यावर." नर्सनंही तेच सांगितलं. नवव्या दिवशी सोडलं. पुढं महिन्यानं गाठींचा कागद आला, त्यात भोवतीच्या एकाही गाठीत कॅन्सर सापडला नव्हता. पण डॉक्टरनं बजावलं होतं की निश्चिंत व्हायचं नाही, सहा-सहा महिन्यांनी यायचं, पाच वर्षं.

जेवण मात्र बदललं ते कायमचंच. आता दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी पाव भाकरी वरणात कुस्करून. घास जास्त झाला की घाम फुटायचा, आडवं व्हावं लागायचं. पहिले पहिले दिवस भागिरथीला ती वाटीभर कुस्कर वाढताना रडू यायचं. मग सवय झाली. सहा वेळा वाढायचं म्हणजे सहा वेळा शिव्या द्यायच्या; गहिनीनाथ म्हणायचा, ह्यात माझा फायदाच हाय.

त्या ऑगस्टात पहिल्या तपासणीला दोघं नगरला आली. कर्जतहून एसटीनं, प्रवीणला न कळवता. नंबर आला तशी भागिरथी सवयीनं उठली, पिशवी सावरली. गहिनीनाथ म्हणाला, "बस तू. मी सांगतो त्यांना काय व्हतंय ते." आणि टोपी नीट करून एकटाच आत गेला. दार लोटलं गेलं. ती बाकावर परत बसली. असं बाहेर बसायची तिला सवय नव्हती. हाताचं काय करावं ते कळेना.

शेजारी एक बाई येऊन टेकली. तरणी, राहीबाई नाव सांगितलं, संगमनेरकडची. डोळे सुजलेले. नवऱ्याच्या पोटात तसलीच गाठ. टाक्याचं करावं का दुर्बिणीचं, सासरचे एक म्हणतात, भाऊ दुसरं म्हणतो. "तुमच्या मालकांचं काय केलंत, मावशी?"

भागिरथीनं सांगितलं. लांब रेघ, पाच ठिपके, चार बोटं, चाराची सहा कशी झाली, बोटाचा लाल चिमटा, खांदा दुखतो पण घाबरू नये, चिरेवर उशी धरून खोकावं. सगळं बैजवार सांगितलं. बाई तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"तुमाला सगळं ठाव हाय," ती म्हणाली. "मग मावशी, तुमीच सांगा. मी डाक्तरला काय सांगू?"

भागिरथीबाईचं तोंड उघडलं. उत्तर अगदी जिभेवर होतं, अशी उत्तरं तिनं जन्मभर वाटली होती. आतून गहिनीनाथाचा आवाज येत होता. डॉक्टरला काहीतरी समजावून सांगत होता, सावकाश, मधेच हसत.

"तुझा नवरा कुठं हाय?" तिनं विचारलं.

"वरच्या खोलीत. निजलाय. त्याला अजून सांगितलं न्हाई."

"मग हितं काय बसलीस माझं त्वांड बघत?" भागिरथी म्हणाली. "जा की वर. उशाला बस, उठला की सगळं सांग त्याला, मी सांगितलं तसं. आन मग त्यालाच इचार."

बाई उठेना. भागिरथीनं तिच्या पाठीला हात लावून तिला उठवलं आणि जिन्यापर्यंत पोचवून आली.